गाळाच्या ट्रॉलीत शिंपलेही जाताहेत

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या वस्तीजवळच्या तलावाच्या खोलीकरणाची बातमी तुमच्या पेपरात फोटोसकट आली, काम चांगलंच आहे, वाद नाही, पण फोटोत जो गाळाचा ढीग दिसतो ना जी, त्यात शिंपले किती होते ते कोणी पाहिलं नाही. मी रोज सकाळी तिथूनच फिरायला जातो. जेसीबीनं काठ ओरबाडून ट्रॉल्या भरणं चालू होतं आणि चाकाखाली कडकड आवाज येत होता, मला वाटलं खापरं असतील, वाकून पाहिलं तर तळहाताएवढे काळपट शिंपले, अर्धे फुटलेले, बाकीचे घट्ट मिटून बसलेले. एक उचलला तर त्यानं हातावर पाण्याची पिचकारी मारली, म्हणजे जिवंतच! ट्रॉलीवाला पोरगा म्हणे, "काका, भाजी करता काय याची?"

शिंपला म्हटलं की लोकांना अलिबाग आठवतं. हा आपला गोड्या पाण्यातला, शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार एवढ्या मुलखात सापडतो, लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं 1819 मध्येच नोंदवलेला. भंडाऱ्याकडे आजोळी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात आम्ही पोरं पायानं चाचपडून असेच शिंपले काढायचो, आजी घासूनपुसून त्यानंच तान्ह्या पोराला दूध पाजायची.

याला संथ पाणी आणि मऊ गाळ लागतो, उथळ काठाशी अर्धा गाडून बसतो आणि पाणी आत ओढून त्यातलं बारीक शेवाळ खातो, म्हणजे तलावाला फुकटचा फिल्टर. पिल्लांची तर आणखीनच गंमत, ती आधी माशांच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून राहतात, मग सुटून तळाशी पडतात, मासा जाईल तिकडे शिंपला. मासे मेले की पुढची पिढी खलास. भुवनेश्वरच्या सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेत याच शिंपल्यात मोती पिकवायचं तंत्र बसवलंय, आणि इथं काहून तो मलब्यात चालला?

जेसीबीमागे दोन माणसं ठेवून शिंपले वेचता येतात, आणि निदान एका बाजूचा उतरता मातीचा काठ तसाच ठेवा, चारही बाजूंनी सिमेंटची उभी भिंत कशाला? त्या दिवशी मी बादलीत भरून तेवीस शिंपले पलीकडच्या काठाला सोडले. सोमवारपासून त्याच काठाचं काम लागणार आहे म्हणे, तुमचा फोटोग्राफर रविवारी पाठवाल का?

— एक वाचक, नागपूर