पानातला पिवळा रंग म्हणजे नुसतं दुखणं नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर पिवळ्या पानांवरचा लेख वाचला. उसात केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, तेव्हा लोह कमी पडलेलं असू शकतं हे बरोबरच लिहिलंय, पण लेख वाचून असं वाटतं की पानातला पिवळा रंग म्हणजे फक्त रोग. तसं नाहीये. तो रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा, तो हिरव्यागार पानात पण असतोच, हिरव्याखाली झाकलेला, केवड्यात हिरवं त्याच्यापेक्षा जास्त घटतं म्हणून तो उघडा पडतो एवढंच.

आमच्या पलूस भागात मक्यात तणनाशक मारलं की थोड्या दिवसांत गवताचे कोवळे शेंडे पांढरेफट्ट पडतात. शेजारचे आबा म्हणतात औषधानं रंग जाळला, मला पण तसंच वाटायचं. पण टोप्रामेझोन, टेंबोट्रिओन असली औषधं हरितद्रव्याला थेट हात लावत नाहीत, ती गवताला नवीन कॅरोटिनॉइड बनवू देत नाहीत आणि पुढचं काम ऊन करतं. दुपारी पानावर गरजेपेक्षा किती तरी जास्त ऊन पडतं, ती जादाची ताकद हरितद्रव्यात अडकली की ऑक्सिजनला चढते आणि तो एवढा जहाल होतो की पानाला आतनं जाळतो. कॅरोटिनॉइड ती ताकद मधेच झेलतं आणि उष्णता करून सोडून देतं. मका वाचतो कारण तो ते औषध लवकर पचवतो.

१९५५ साली शास्त्रज्ञांनी कॅरोटिनॉइड नसलेले जांभळ्या जातीतले जिवाणू तपासले, उजेडात हवा नसताना ते मजेत वाढले, उजेड आणि हवा एकत्र मिळाली की मेले. मला हे वाचून फार नवल वाटलं, कारण जी हवा आपल्याला जगवते तीच तिथं घातक ठरली.

आणि पान कॅरोटिनॉइडचा नुसता साठा करून बसत नाही बरं का, ऊन वाढलं की काही मिनिटांत व्हायोलाझँथिन या एका कॅरोटिनॉइडचं झियाझँथिन हे जादा ऊन झेलणारं दुसरं कॅरोटिनॉइड करतं, ऊन उतरलं की परत पहिलं. झिया हे मक्याच्या शास्त्रीय नावातलंच, पिवळ्या कणसाचा रंग बराचसा त्याचाच.

हे सगळं लिहायचं कारण असं की मागच्या एप्रिलमध्ये मी ढोबळी मिरचीची रोपं शेडनेटमधनं आणून त्याच दिवशी उघड्या रानात लावली, तिसऱ्या दिवशी वरच्या पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे. रोपवाटिकावाला म्हणाला पाणी वाढवा. पाणी भरपूर होतं हो! सावलीतल्या पानात उन्हापासून राखणाऱ्या या रंगांचा साठा कमी असतो, तो वाढायला रोपाला रोज थोडं थोडं ऊन दाखवावं लागतं, पाच-सहा दिवस तरी. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून अर्धा ट्रे गेला.

उन्हाळी लागणीच्या आधी एवढी एक गोष्ट तरी तुमच्या पानावर ठळक छापा ही विनंती.

आपला नेहमीचा वाचक,
एक शेतकरी, ता. पलूस, जि. सांगली