कॅराटॅकसचे भाषण आणि मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ब्रिटनच्या कॅराटॅकस राजावरचा लेख वाचला. रोम म्हटले की मराठी वाचकाची गाडी सीझर-क्लिओपात्राच्या पुढे सहसा जात नाही, तेव्हा असा लेख आला हेच मोठे. पण लेखकाने निम्मी जागा, कैद होऊन रोमला नेलेल्या या राजाने बादशहा क्लॉडियससमोर केलेल्या भाषणाला दिली आणि तेही कुणी समोर बसून उतरवून घेतल्यासारखे दिले. त्यावर थोडे लिहावेसे वाटले.

भाषण रोमन इतिहासकार टॅसिटसचे आहे. घटना इ. स. 51 च्या सुमाराची, आणि टॅसिटसने लिहिले त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी. हरलेल्या राजाच्या तोंडी प्रसंगाला शोभेल असे भाषण घालणे हा त्या काळच्या इतिहासकारांचा शिरस्ताच होता. आपल्या बखरींतले संवाद ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. ‘तुम्हाला सगळ्यांवर राज्य करायचे आहे, म्हणून सगळ्यांनी गुलामी पत्करावी की काय?’ हे वाक्य मलाही आवडते. ते इतके घोटीव आहे, यातच त्याचा कर्ता कळतो. राजा लॅटिनमध्ये बोलला की दुभाष्यामार्फत, एवढेसुद्धा टॅसिटस सांगत नाही.

त्याचे लक्ष खरे म्हणजे दुसरीकडेच होते. प्रसंग पाहा. प्रिटोरियन, म्हणजे बादशहाच्या पहारेकऱ्यांच्या, छावणीसमोरच्या मैदानात सैनिक शस्त्रे घेऊन उभे. आधी राजाचे आश्रित, मग त्याने शेजाऱ्यांशी लढून मिळवलेले गळ्यातले कंठे आणि दागिने, मग भाऊ, बायको, मुलगी, आणि शेवटी तो स्वतः. बाकीचे गयावया करतात, हा करत नाही. क्लॉडियस माफी देतो, बेड्या निघतात, आणि ही मंडळी बादशहाचे आभार मानून शेजारच्या चौथऱ्यावर बसलेल्या राणी ॲग्रिपिनाचेही मानतात. इथे टॅसिटस चिडतो: रोमन निशाणांपुढे बाई बसते, हे कधी कुणी पाहिले होते काय! राजाची कथा तिथेच संपते. पुढे त्याचे काय झाले याची टॅसिटसला फिकीर नाही.

माफीच्या औदार्याचेही लेखात फार कौतुक आहे. क्लॉडियसजवळ मिरवण्यासारखा विजय होता तो ब्रिटनचा. त्यासाठी तो इ. स. 43 मध्ये हत्ती घेऊन तिकडे गेला आणि सोळा दिवसांत परत फिरला. गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) व्हर्सिंगेटोरिक्स राजाला सीझरने सहा वर्षे कैदेत ठेवून, मिरवणुकीत फिरवून मारले. क्लॉडियसला जिवंत राजा जास्त उपयोगाचा होता.

या सगळ्यात त्या माणसाचे खरे कर्तृत्व बाजूला राहिले. बाप क्युनोबेलिनस हा आग्नेय ब्रिटनमधला सर्वांत मोठा राजा, राजधानी कॅम्युलोडुनम, म्हणजे आजचे कोल्चेस्टर. रोमन सैन्य उतरले, नदीकाठच्या लढाईत पराभव झाला, भाऊ टोगोडुम्नस मेला, राज्य गेले. इथे एखादा शरण गेला असता, कितीतरी गेले. हा पश्चिमेला वेल्सच्या डोंगरांत शिरला आणि ज्यांचा तो कुणी लागत नव्हता त्या सिल्युरी आणि ऑर्डोव्हिसी लोकांनी त्याला पुढारी मानले. परमुलखात, गादी नसताना, त्याने रोमला नवव्या वर्षापर्यंत झुंजवले. शेवटच्या लढाईला त्याने चढण निवडली, समोर नदी, आणि जिथे उतार सोपा तिथे दगडांचा गडगा रचला. रोमन सैनिकांनी डोक्यावर ढालींचे छप्पर धरून तो गडगा उपसला. वरच्यांकडे ना चिलखत ना शिरस्त्राण. आणि तो पकडला गेल्यावरही सिल्युरी थांबले नाहीत: त्यांनी एका छावणीप्रमुखाला आणि आठ सेंच्युरियनांना (शतनायकांना) ठार केले, आणि ब्रिटनचा रोमन सुभेदार ऑस्टोरियस स्कॅप्युला त्याच दगदगीत मेला. लेखात यावर एक ओळ आहे.

‘मातृभूमीचा रक्षक’ हे बिरूदही जपून वापरावे. याच घराण्याने शेजारच्या अट्रेबाटी टोळीचा मुलूख गिळला होता. त्यांचा राजा व्हेरिका रोमला पळाला आणि क्लॉडियसला स्वारीचे निमित्त मिळाले. राजाला बेड्या घालून रोमच्या हवाली करणारी उत्तरेकडच्या ब्रिगँटी टोळीची राणी कार्टिमांडुआ, हिला लेखकाने सरळ फितूर ठरवले आहे. पण तिचा रोमशी आधीच तह होता. त्याच्यासाठी तिने आपले राज्य पणाला का लावावे? टॅसिटसलाही ती आवडत नाही, हे खरे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. लेखात एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या याच राजावरच्या ‘कॅरॅक्टकस’ या संगीतरचनेचा उल्लेख आहे, पण तिचे शब्द कुणाचे ते नाही. ते हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांचे. हे नाव आपल्या वाचकांना अनोळखी नसावे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्याच नावाचे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला तो यांनीच, आणि त्यातले निवडक पोवाडे 1894 मध्ये इंग्रजी पद्यात नेले तेही यांनीच. अफझलखानाचा वध आणि सिंहगड यांवर इंग्रजी यमके जुळवणारा हा माणूस निवृत्तीनंतर इंग्लंडमधल्या माल्व्हर्नला राहायला गेला. तिथे एल्गार शेजारी होता. राजाची शेवटची लढाई त्यांनी घराजवळच्या टेकडीवर आणून बसवली, टॅसिटसच्या वर्णनातली पायथ्याची नदी तिथे नसली तरी.

ही रचना 5 ऑक्टोबर 1898 ला लीड्सच्या महोत्सवात झाली, अर्पण केली व्हिक्टोरिया राणीला. शेवटी राजा क्लॉडियससमोर उभा राहतो, आणि मग कोरस भविष्य वर्तवतो: रोम जाईल, ब्रिटनचे साम्राज्य येईल! साम्राज्याविरुद्ध लढलेल्या माणसाच्या कथेला साम्राज्याची आरती जोडली आहे. त्याच्या एकच महिना आधी लोकमान्य टिळक तुरुंगातून सुटले होते. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तल्या ज्या मजकुराबद्दल त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविताही होती. महाराजांच्या तोंडी शब्द घातले म्हणून इकडे शिक्षा, आणि कॅराटॅकसच्या तोंडी घातले तर तिकडे महोत्सव.

ॲक्वर्थ यांच्यावर मी इथे टीका करत नाही. त्यांनी आणि शाळिग्रामांनी वेळेवर गोळा केले नसते तर कितीतरी पोवाडे शाहिरांबरोबरच गेले असते. ब्रिटनमध्येही भाट असणारच, पण त्यांचे एक कवनही टिकले नाही. ड्रुइड, म्हणजे त्या लोकांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानत, असे सीझरने गॉलबद्दल लिहून ठेवले आहे. राजाच्या स्वतःच्या हुकमाने उमटलेले असे जे हाती आहे ते नाण्यावरचे: नखाएवढे चांदीचे नाणे, एका बाजूला सिंहाचे कातडे पांघरलेला हर्क्युलिस, दुसऱ्या बाजूला गरुड, आणि ‘कारा’ (CARA) ही चार लॅटिन अक्षरे.

एवढ्यासाठी दोन विनंत्या. लेखाबरोबर लंडनच्या मॅन्शन हाउसमधला फोलीने घडवलेला पुतळा छापला आहे. पुन्हा कधी या विषयावर काही आले तर त्याऐवजी हे नाणे छापावे. आणि ॲक्वर्थ-शाळिग्राम जोडीवर पुरवणीत एक सविस्तर लेख जाणकाराकडून लिहवून घ्यावा, त्यात शाळिग्रामांना निम्मी जागा द्यावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, ठाणे