नकथानच्या चाचाजींना, खीरगंगेच्या आंघोळीबद्दल

चाचाजी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेल्या नंबरावर फोन लागत नाही. गावात कुठल्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते ते तुम्हीच दाखवलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. म्हणून हे उघडं पत्र. ते मराठीत आहे, पण पुण्या-मुंबईची पोरं तुमच्या ढाब्यावर सॅक टेकवून मॅगी मागतच असतात. त्यातलं कुणीतरी वाचून दाखवेल, आणि त्या निमित्ताने स्वतःही वाचेल.

बाऊजी, म्हणजे माझे बाबा, बरे आहेत. खीरगंगेच्या, म्हणजे हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यातल्या तुमच्या त्या गरम कुंडाच्या, पाण्याने गुडघे सुधारले का, असं इथे येणारा जाणारा विचारतो. नाही सुधारले. गरम पाण्याने दुखरा सांधा तेवढ्यापुरता सैल होतो, झिजलेली कूर्चा काही भरून येत नाही, हे बाबांना ठाऊक होतं. ते गुडघ्यांसाठी आलेच नव्हते. त्यांचं लहानपण संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडापासून जवळच. हिवाळ्यात शाळेआधीची आंघोळ कुंडावर. पुढे नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, त्यामुळे पास होता आणि सुट्टीत वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर अशी कोकणातली उन्हाळी एकेक करून बघून झाली. कोकणात गरम झऱ्याला ‘उन्हाळं’ म्हणतात. हिमालयातलं, चालत गाठावं लागणारं एक तरी बघायचं, हे निवृत्तीनंतर त्यांनी मनात धरलं होतं.

त्याच खोऱ्यात खाली मणिकरणला गुरुद्वाराजवळ तांदळाच्या पुरचुंड्या कुंडात सोडून भात शिजवतात, तो बघत बाबा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "छान आहे, पण इथे बस येते." त्यानंतर बरशैणी आलंच. तोस नाला पार्वती नदीला मिळतो तिथे बसचा रस्ता संपतो. खाली ८०० मेगावॅटच्या पार्वती प्रकल्पाचं धरण, आणि वर खीरगंगेपर्यंत साधारण बारा किलोमीटरची पायवाट.

वाटेतल्या नकथानला, तुमच्या ढाब्यावर आम्ही पोहोचलो ती दुपार होती. तुम्ही चहा ठेवला, बाबांच्या चालण्याकडे बघितलं आणि दोन प्रश्न विचारलेत. पहिला, "बाऊजी, बीपीची गोळी घेता का?" दुसरा मला, "कुंडात यांच्यासोबत कोण उतरणार?"

हा दुसरा प्रश्न मला त्याआधी कुणीच विचारला नव्हता. बुटांबद्दल, औषधांबद्दल, पावसाबद्दल सगळ्यांनी सल्ले दिले होते. वर बायकांचं कुंड भिंती घालून वेगळं केलेलं आहे, पुरुषांचं उघड्यावर, आणि बाहत्तर वर्षांच्या बापाला घेऊन एकटी आलेली मुलगी पुरुषांच्या कुंडात त्याचा हात धरायला जाऊ शकत नाही. वडिलांना किंवा सासऱ्यांना घेऊन देवदर्शनाला जाणाऱ्या बायकांना ही अडचण नेमकी माहीत असते. ‘जेन्ट्स’ अशी पाटी आली की आपण बाहेर, आणि आत काय चाललंय त्याचा अंदाज आवाजावरून घ्यायचा. मी गप्प राहिले. तुम्हीही पुढे काही बोलला नाहीत, फक्त एवढंच म्हणालात की दोन वाजून गेल्यावर तुम्ही म्हाताऱ्या माणसाला वर सोडत नाही, आज मुक्काम इथेच.

तंदूरपाशी (आमच्याकडे तंदूर म्हणजे रोटीची भट्टी, तुमच्याकडे घर ऊबदार ठेवणारी लोखंडी शेगडी) चाचीजींनी तुपात बुडवलेले सिड्डू वाढले. अक्रोडाचं सारण असलेला हा उकडलेला प्रकार बाबांनी मोदकाच्या घराण्यात जमा केला आणि तिसरा मागून घेतला.

सकाळी निघताना बघते तर तुम्ही टोपी घालून, काठी घेऊन दारात. ढाबा चाचीजींवर सोपवलेला. सीझनचा दिवस होता, खालून लोकांची रांग लागलेली होती, हे मला दिसत होतं. मी पैशांचं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "माझीच आंघोळ राहिलीय."

रुद्रनागपर्यंतची वाट सोपी गेली. नागासारखा वळत उतरणारा तो धबधबा बाबांनी चपला काढून नमस्कार करून बघितला. पुढे पुलावरून पार्वती ओलांडली आणि जंगलातला चढ सुरू झाला, तिथे तुमची खरी कारागिरी कळली. बाबांच्या पुढे चालायचं, पण एवढंच पुढे की त्यांना तुमच्या टाचा दिसत राहतील. वेग त्यांचा, पाय ठेवायच्या जागा तुमच्या. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं करायचं, दरीच्या नाही. "थकलात का?" असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. त्याऐवजी दर थोड्या वेळाने तुम्हालाच बिडी ओढायची असायची. बिडी मात्र एकदाही पेटली नाही. बाबांनी खिशातलं आमसूल तुम्हाला दिलं, ते तुम्ही गालात धरून चढ संपेपर्यंत पुरवलंत.

कळगा गावाच्या बाजूने जंगलातून येणारी दुसरी वाट तुम्ही लांबून दाखवलीत आणि सांगितलंत की तिथे माणसं चुकतात, एकट्यादुकट्याने जाऊ नये. या खोऱ्यात गेल्या तीसेक वर्षांत बेपत्ता झालेल्या प्रवाशांच्या बातम्या मी वाचल्या होत्या, त्यामुळे पुढे काही विचारलं नाही.

वर पोहोचल्यावर बाबा थेट कुंडाकडे निघाले. त्यांचा तो हक्कच होता, इतकं चालून आले होते. तुम्ही त्यांना अडवलं आणि चहाच्या टपरीवर बसवून ठेवलंत. अंगातला घाम वाळेपर्यंत, मीठ-साखरेचं पाणी पोटात जाईपर्यंत, बोलताना लागणारी धाप थांबेपर्यंत. बाबा चिडले होते, मला आवाजावरून कळत होतं. खीरगंगा समुद्रसपाटीपासून सुमारे २९५० मीटरवर आहे. चढून आलेल्या माणसाच्या अंगात पाणी कमी झालेलं असतं, गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात बीपीची गोळी. असा माणूस कुंडातून झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बाजूला असतो ओला दगड. हे मला नंतर आमच्या डॉक्टरांनी समजावलं. तुम्ही तिथे एवढंच म्हणालात, "पाणी कुठे पळत नाही."

मग नळाखाली अंग धुणं, बिनसाबणाचं. आधी फक्त पाय. मग पायरीवर बसून कमरेपर्यंत. डोकं बुडवायचं नाही. तुम्ही शेजारी बसलात आणि थोड्या वेळाने उठा म्हणालात, तेही आधी काठावर बसून, मग उभं राहून. मी लांब एका दगडावर पाठ फिरवून बसले होते, आणि बाबांच्या गप्पा ऐकू येत होत्या. तुरळचं कुंड म्हणजे आता मुंबई-गोवा हायवेच्या अंगावरच आहे, असं ते त्यांच्या हिंदीत सांगत होते. तुम्ही कार्तिकेयाची गोष्ट सांगत होतात: इथे तप करताना त्याच्यासाठी पार्वतीमातेने खीर वाहवली, पुढे भांडणं होऊ नयेत म्हणून परशुरामाने तिचं पाणी केलं, आणि तरंगतात ते पांढरे तंतू त्या खिरीची साय. मग मी बायकांच्या कुंडात उतरले. बाबांची काळजी न करता आंघोळ करायला मिळाली ती तुमच्यामुळे.

बाबांना एक शंका होती, तिचं उत्तर घरी आल्यावर शोधलं. तुमच्या डोंगरात ज्वालामुखी नाही आणि आमच्या कोकणात आता नाही. दोन्हीकडे पावसाचं नि बर्फाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या गरम खडकाने तापतं आणि दुसऱ्या फटीतून वर येतं. मणिकरणला ती फट क्वार्टझाइट खडकातून आहे, आमच्याकडे बेसाल्टमधून. बाबांना हे फार आवडलं. नातं लागलं म्हणाले.

आता हे वाचून दाखवणाऱ्या पोराला दोन शब्द, चाचाजी, रागावू नका. बाळा, कुंडात साबण-शांपू नेऊ नकोस, ते पाणी थेट खाली पार्वतीत जातं. स्पीकर खालीच ठेव. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या आदेशावरून वनखात्याने वरचे तंबू काढले होते ते उगाच नव्हे. त्या कुरणावर बाटल्यांचे ढीग लागले होते. आणि बिअर पिऊन गरम पाण्यात उतरायचंच असेल, तर चाचाजींनी बाबांना कसं बसवून ठेवलं होतं ते पुन्हा एकदा वाच. चाचाजी तुला काही सांगणार नाहीत, कारण तुझ्या वयाच्या गिऱ्हाइकाला शिकवलेलं आवडत नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणून मी सांगतेय.

खाली उतरल्यावर तुम्ही हिशोब केलात तो जेवणाचा आणि मुक्कामाचा. वर येण्याचे पैसे घेतले नाहीत. मी ते चाचीजींच्या डब्याखाली ठेवले होते, ते आमच्या सॅकच्या वरच्या खिशात बरशैणीला सापडले. असो. ही बाब मी संपलेली मानत नाही.

ऑफिसातली दोघं ऑक्टोबरात तुमच्याकडे येतायत, बर्फाच्या आधी. त्यांच्याबरोबर बाबांनी आमसुलं दिली आहेत, दोन पुड्या. एक चाचीजींसाठी, डाळीत टाकायला. दुसरी तुमच्या खिशात असू द्या, चढावर. त्या दोघांतला एक जण जाडजूड आहे आणि बीपीची गोळी घेतो, पण विचारल्याशिवाय सांगणार नाही. तेवढं विचारा.

तुमची,
रत्नागिरीच्या बाऊजींची मुलगी