पावती माझ्या डब्यात, थकबाकी सिबिलवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या रामबागेत मी साबुदाण्याच्या खिचडीचा ठेला लावते. टाळेबंदी उठल्यावर, 2020 मध्ये, पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्जयोजनेतून बँकेचे 10,000 रुपये घेतले आणि वर्षभरात फेडले. शेवटच्या हप्त्याची शिक्का मारलेली पावती पोथीच्या डब्यात जपून ठेवली आहे. यंदा हप्त्यांवर फ्रिज घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणतो, "काकू, तुमचं सिबिल खराब आहे." सिबिल म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी. तिचा अहवाल काढला. थकबाकी 861 रुपये!

कर्ज सरकारी, म्हणून आधी महापालिकेत गेले. तिथल्या बाबूंनी नीट समजावलं, की आमची फक्त शिफारस, व्याजातली सूट केंद्राची, पैसा बँकेचा. सिबिलवालेही आपल्या मनाने आकडा बदलत नाहीत, बँकेला विचारतात. त्यांच्याकडे केलेल्या माझ्या तक्रारीवर अठराव्या दिवशी उत्तर आलं, 'माहिती बरोबर असल्याचे बँकेने कळवले.' झालं, प्रकरण बंद! पावती कुणी मागितलीसुद्धा नाही. ज्याच्या वहीत चूक, त्यालाच विचारायचं, त्याने मान डोलावली की तक्रार निकाली. खरं तर दुरुस्ती नाकारली तर कारण सांगायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 'बरोबर आहे' हे काय कारण झालं?

मग शाखेत कागदावर अर्ज दिला, सोबत पावतीची प्रत, आणि पोच घेतली. (ती घेतली हे माझं नशीब.) त्रेचाळिसाव्या दिवशी थकबाकी पुसली गेली. 26 एप्रिल 2024 पासून नियम असा, की तक्रारीला तीस दिवस उलटूनही ती सुटली नाही, तर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे माझे 1,300 झाले, त्या खोट्या थकबाकीपेक्षा जास्तच. विचारलं तर साहेब म्हणाले, "असं काही आमच्याकडे आलेलं नाही."

अशा कंपन्या एकूण चार आहेत, हेही मला आत्ताच कळलं. आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दुसरीचा काढला, तर तिथे 861 अजून तसेच!

बँकांना माझं एवढंच म्हणणं आहे, की 'माहिती बरोबर' असं कळवण्याआधी ग्राहकाकडून पावती मागवा. आणि भरपाईचा नियम शाखेत मोठ्या अक्षरांत, हिंदीत लावा.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे परवा अर्ज पाठवला, त्याला पैसे पडत नाहीत. फ्रिज अजून यायचाय. तोवर दही शेजारच्या डेअरीवाल्याकडे ठेवते.

आपली,
एक ठेलेवाली, रामबाग, इंदूर