एमक्यूएल संचातून तेलगळती: पंप बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

उन्हाळ्यात तुमच्याकडून लेथसाठी एमक्यूएल, म्हणजे अगदी थोड्या तेलात कटिंगला वंगण देणारा, संच घेतला. आमच्या आर्वी भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. टाकीतल्या कूलंटचं, म्हणजे कापताना टूल थंड ठेवणाऱ्या पाणी-तेलाच्या मिश्रणाचं, पाणी उडतं, उरलेलं नासून वास मारतं, कारागिरांच्या हातांना खाज सुटते. आणि ते घाण पाणी फेकायचं कुठं? शेडच्या मागं लागूनच कपाशी आहे. त्यामुळे मिनिटाला काही लिटर कूलंट ओतण्याऐवजी तासाला ५० मिलिलिटरच्या आत तेल, तेही हवेच्या झोतासोबत थेट टूलच्या टोकावर, ही गोष्ट मला पटली. आजही पटते. माझी तक्रार तुमच्या मालाबद्दल आहे.

हवा बंद केल्यावरही नोझल टपकत राहतो. हवेच्या नळीतून जाणारी बारीक तेलनळी त्यामुळे रिकामी होते. पुढचा जॉब बांधून हवा सुरू केली, की तेल टोकाशी पोचेपर्यंत इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता येणारा धारदार तुकडा) कोरडाच कापतो. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांच्या, ईएन-८ पोलादाच्या शाफ्टला लांबलचक कट घेताना इथंच धार जाते. वाचलेल्या तेलापेक्षा जास्त पैसे इन्सर्टमध्ये जात असतील तर काय कामाचं? पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) नीट बसत नाही, हे कुठलाही फिटर सांगेल.

तुमच्या इंजिनिअरसाहेबांनी फोनवरच निदान केलं: “तेल वाढवा.” वाढवलं. शेडभर तेलाचं धुकं झालं, डोळे चुरचुरू लागले, आणि कटाची सुरुवात होती तशीच कोरडी. मग म्हणाले, गावाकडं लाइट कमीजास्त होते, हवेचा दाब पडत असेल. लाइटीचं खरं आहे, पण नोझलजवळच्या गेजचा फोटो मी पाठवला आहे. त्यात काटा ५ बारवर आहे आणि तेल टपकताना दिसतं आहे. त्यावर आजवर उत्तर नाही.

शिवाय कोटेशनमध्ये लिहिलेला, हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर खोक्यात नव्हताच. पावसाळ्यात त्याची उणीव चांगलीच जाणवली.

वॉरंटी चालू आहे. व्हॉल्व्हसकट पंप बदलून द्या, फिल्टर पाठवा आणि माणूस पाठवून सगळं इथं बसवून, चालवून दाखवा. दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू होतात, त्याआधी हे व्हायला हवं. जमत नसेल तर संच घेऊन जा, पूर्ण रक्कम परत करा. हा लेथ मी स्वतः चालवतो, पोट त्यावरच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी ग्राहकच ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन.

सोबत: बिल, कोटेशन व वॉरंटी कार्डाच्या प्रती, गेजचा फोटो.

आपला,
लेथ वर्कशॉपचालक
ता. आर्वी, जि. वर्धा