दिन्यास, परिषदेहून आल्यावर

सातारा,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी मांडवात बसलो होतो आणि उद्घाटन चालू होतं, म्हणून कापला. नंतर करतो म्हटलं आणि आठ दिवस निघून गेले. आता लिहूनच कळवतो. फोनवर तू मला दोन मिनिटांच्या पुढं बोलू देत नाहीस, मध्येच तुझ्या दवाखान्यात कुणाची तरी दाढ ठणकायला लागते.

तर इतिहास परिषद. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते त्यांना आवडायचं नाही. वीरगळांवरचा, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरचा, माझा निबंध त्यांनी चक्क स्वीकारला होता. निवृत्त मास्तराला कोण विचारतं? म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊला हजर. पत्रात पंधरा मिनिटं लिहिली होती. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, नऊ जणांचे सत्कार, नऊ शाली, नऊ नारळ. माझ्या वाट्याला सहा मिनिटं आली. समोर बसलेल्यांपैकी निम्मे प्रमाणपत्र कधी मिळणार याची चौकशी करत होते.

पण खरी गंमत वेगळीच. माझा निबंध कुठल्या सत्रात घालायचा यावरच आदल्या दिवसापर्यंत घोळ चालू होता. प्राचीनवाले म्हणाले, तेरावं शतक म्हणजे मध्ययुग, आमच्यात नको. मध्ययुगीनवाले म्हणाले, हे यादव, हिंदू राजे, हे प्राचीनात जातं. आपल्या पुस्तकांत मध्ययुग सुरू होतं १२०६ला, दिल्लीत सुलतानशाही आली तेव्हा. त्या साली देवगिरीच्या यादवांचा ऐन भराचा काळ अजून यायचा होता. अलाउद्दीन खल्जी देवगिरीवर चालून आला तो १२९६ला. म्हणजे मधली नव्वद वर्षं आपण धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. दिल्लीत उजाडलं म्हणून साताऱ्यात कोंबडा आरवलाच पाहिजे असा हा हिशेब. शेवटी मला 'संकीर्ण'मध्ये टाकलं. जेवणानंतरची वेळ, मठ्ठा आणि जिलेबी झाल्यावरची. तूच विचार कर.

आणि त्याच संकीर्णात मला घबाड सापडलं! पुण्याहून आलेली एक संशोधक मुलगी, तिशीतली असेल, जगात मध्ययुगावर हल्ली काय काम चाललंय ते सांगत होती. सगळे पेंगत होते, मी मात्र ताठ बसलो, कारण तिचं सगळं बोलणं दातांवर होतं. अरे, तुझी आठवण येऊन मला हसूच फुटलं.

जर्मनीत दालहाइम नावाच्या जागी जोगिणींचा एक छोटा मठ होता. तिथल्या दफनभूमीतली एक बाई, साधारण हजार ते बाराशे या काळातली, वय पंचेचाळीस ते साठ. तिच्या दातांवरचं टार्टर, जे तू दिवसभर खरवडून बेसिनमध्ये टाकतोस ते, संशोधकांनी तपासलं. बघत होते ती काय खायची. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले निळे कण, शंभराच्या वर. तो निघाला लाजवर्द. हा दगड त्या काळी अफगाणिस्तानातून यायचा आणि पोथ्यांतल्या सर्वांत मौल्यवान चित्रांना लागायचा. बाईच्या तोंडात तो गेला कसा? त्यांनी बरेच तर्क लढवून पाहिले. सर्वांत पटणारा असा, की ती पोथ्या रंगवायची आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायची. हे २०१९ला छापून आलं. त्या मठाची एकही पोथी शिल्लक नाही, बाईचं नाव ठाऊक नाही. कीट तेवढं राहिलं. इतका महागाचा रंग बाईच्या हातात देत असतील असं तोवर फारसं कुणाच्या मनात आलं नव्हतं. पेशंटला 'दात नीट घासा' म्हणताना यापुढं जरा विचार कर, आठशे वर्षांनी कुणाचं तरी नुकसान व्हायचं.

दुसरी गोष्ट तर मला रात्रभर पुरली. किर्गिझस्तानात इसिक-कुल नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या आसपास ख्रिस्ती लोकांची जुनी दफनस्थळं आहेत, थडग्यांच्या दगडांवर सिरियाक भाषेतले लेख. १८८५ ते १८९२च्या दरम्यान रशियन लोकांनी तिथं खोदकाम केलं, लेख वाचले, छापले, कवट्या सेंट पीटर्सबर्गला नेऊन ठेवल्या. पुढं शंभर-सव्वाशे वर्षं फार कुणी हात लावला नाही. मग एका इतिहासकारानं नुसती मोजणी केली. तारखा असलेले ४६७ दगड, आणि त्यातले ११८ फक्त १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतले! काहींवर मरणाचं कारणही कोरलेलं, 'मवताना'. म्हणजे मरी. आपल्या वेशीवरच्या मरीआईतली मरी. मग त्या कवट्यांचे दात मागवले, सात जणांचे, आणि तिघांच्या दातांत प्लेगचा जंतू सापडला. युरोपात ज्या साथीनं पुढच्या दहा वर्षांत हाहाकार केला, तिच्या उगमाशी हे संशोधक जाऊन पोचले. २०२२ची गोष्ट.

आता मला यात दातांपेक्षा दगड मोठा वाटतो, याचा तुला राग येईल. पण प्रयोगशाळेला कुठले दात उघडायचे हे सांगितलं कुणी? ज्यानं एकोणिसाव्या शतकात बसून एकेक दगड वाचला, साल टिपलं, त्यानं. त्याला प्लेगचा जंतू, डीएनए यातलं काही ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी अवघड. आपण जाळतो. किकलीच्या भैरवनाथाच्या आवारात आपण दोघं गेलो होतो, आठवतं? चंदन-वंदन गडांच्या पायथ्याला. तू म्हणालास, एवढे वीर एका गावात मेले कसे? खाली पडलेला माणूस, गाई, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. त्या माणसाचा दात नाही, हाड नाही, आणि बहुतेक दगडांवर नावही नाही. त्याचं जे काही आहे ते तो दगडच. कागदांचं नशीब बरं होतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, मग अनेकांना दप्तरांचं वेड लागलं, आपल्या साताऱ्यात पारसनीसांनी तर संग्रहालय उभं केलं. वाड्यातलं दप्तर म्हटलं की माणूस हात धुऊन मगच शिवतो. दगडावर मात्र धुणं धुतात.

माझी तक्रार गावकऱ्यांबद्दल नाही बरं का. ते निदान शेंदूर लावतात, नारळ फोडतात. जीर्णोद्धार करणाऱ्या कंत्राटदाराची भीती वाटते. गेल्या वर्षी चांगले चार वीरगळ चंदेरी ऑइलपेंटनं रंगवलेले पाहिले. अप्सरांना लिपस्टिक.

आणि आता मुद्द्यावर येतो. कोरेगावच्या बाजूला एका गावात (नाव भेटल्यावर, हल्ली गुप्तधनवाले फार झालेत) देवळाच्या ओट्यात एक वीरगळ आडवा बसवलाय. वरची बाजू झिजून गुळगुळीत. पण खालच्या कडेला, ओटा आणि फरशी यांच्या मधल्या फटीत, अक्षरं आहेत. मी पोटावर झोपून मोबाइलचा उजेड तिरपा मारला तेव्हा 'स्वस्ति श्री' दिसलं आणि पुढं 'शके'. त्याच्या पुढं चुना, आणि माझी मान वळत नाही. कागद लावून ठसा घ्यायला चार बोटांचीही जागा नाही. पुजारी म्हणतो, दिवाळीनंतर ओटा फोडून ग्रॅनाइट बसवणार.

लेख असलेला वीरगळ आपल्याकडे क्वचितच मिळतो, हे तुला वेगळं सांगायला नको. सोलापूरजवळ हत्तरसंगच्या कुडलला आनंद कुंभारांना सापडलेल्या शके ९४०च्या जुन्या मराठी लेखात काय आहे? 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचील तो विजयी होईल. मला विजय वगैरे नको, शकेच्या पुढचे तीन-चार आकडे मिळाले तरी पुरे.

तेव्हा दिवाळीला नाशिकला बसू नकोस. पाडव्याच्या आधी ये. तुझा तो कपाळाला बांधायचा दिवा, दाढेमागं घालायचा लांब दांडीचा आरसा आणि तोंडात घालून फोटो काढतोस तो कॅमेरा, तिन्ही आण. चुना काढायला तुझी हत्यारं वापरायची नाहीत, हे आधीच सांगतो. मऊ ब्रश आणि पाणी, बास. पुजाऱ्याशी मी बोललोय, दुपारी बारा ते तीन देऊळ आपलं.

वहिनींना नमस्कार. चिंगीचा निकाल कळव. आईनं तुझ्यासाठी कंदी पेढे आणायला सांगितलेत, पण डॉक्टर म्हणून तुला ते चालतात का ते आधी सांग.

तुझा,
वसंता

ता. क. आरसे दोन आण. एक पडून फुटला तर परत नाशिकला कोण जाणार.