खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये खडक आधी, वाळू नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती मत्स्यालयांवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात मासे, दिवे आणि मिठाचे प्रमाण यांची माहिती नेमकी होती. लाइव्ह रॉकसाठी, म्हणजे उपयुक्त जिवाणू वाढलेल्या सच्छिद्र खडकासाठी, मात्र ‘शोभेला खडक रचावेत’ एवढेच आले. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः याच सच्छिद्र खडकात वाढतात. रचना चुकली तर ती सुधारायला पुढे अख्खा टँक उपसावा लागतो. म्हणून थोडे सविस्तर.

आधी खडक कुठून आणायचा ते पाहू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची किंवा मन्नारच्या आखातातली प्रवाळे, जिवंत असोत की मेलेली, उचलणे गुन्हा आहे. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘समुद्रातून नुकताच काढलेला’ म्हणून कोणी खडक विकत असेल तर तो घेऊ नये. खाणीतला चुनखडीचा सच्छिद्र ड्राय रॉक किंवा मत्स्यालयासाठी बनवलेला सिरॅमिक खडक घ्यावा. त्यावर जिवाणू आपण वाढवायचे, की तोच लाइव्ह रॉक होतो. कोकणातला जांभा छिद्रे दिसतात म्हणून काही जण टाकतात, पण तो लोहाने भरलेला असतो आणि झिजून लाल गाळ सोडतो. सह्याद्रीचा काळा दगड बहुधा इतका घट्ट असतो की जिवाणूंना आत जागाच मिळत नाही.

चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावते. त्याला १५ ते २० किलो सच्छिद्र खडक पुरतो. लिटरमागे १२० ग्रॅम हा जुना हिशेब धरला तर ३० किलो होतात. चांगला स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) असेल तर इतक्याची गरज नसते, उलट माशांना पोहायला जागा उरत नाही.

जुळवाजुळव टँकबाहेर करावी. टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा जमिनीवर ठेवून त्यावर समोरून आणि दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर, मागून ६-७ सेंटिमीटर सोडून रेघ मारावी. काच साफ करायचा चुंबक फिरायला आणि मागची घाण वाहून जायला एवढी फट लागतेच. दीड फूट रुंदीत खडकासाठी मग जेमतेम २८ सेंटिमीटर उरतात. एक मोठी आणि एक लहान अशी दोन बेटे करावीत, मध्ये वाट मोकळी ठेवावी. मागच्या काचेला टेकवलेली सलग भिंत ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. तिच्यामागे पाणी फिरत नाही, गाळ साचून कुजतो, नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतात आणि मग केसाळ शेवाळ हटता हटत नाही.

प्रत्येक दगड खालच्यावर तीन ठिकाणी टेकला पाहिजे. तळहाताने हलवून बघावा, डुगडुगला तर फिरवून बसवावा. जोडताना दोन्ही बाजूंना सायनोॲक्रिलेट जेल (झटपट चिकटणारा घट्ट गोंद) आणि मध्ये एपॉक्सी पुट्टीची गोळी असा थर द्यावा. नुसते जेल ठिसूळ होऊन सुटते, तर नुसती पुट्टी खडकाला नीट धरत नाही. कमान करायची असेल तर ८ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून ६ मिलिमीटरची ॲक्रिलिक किंवा फायबरग्लासची सळी घालावी. लोखंड गंजते आणि तांबे कोळंबी-प्रवाळांचा जीव घेते, म्हणून धातू नकोच. जोड २४ तास सुकू द्यावेत. आणि चिकटवण्याआधी टँकच्या वरच्या काचपट्ट्यांमधली मोकळी जागा मोजावी. सुंदर बेट तयार होते आणि वरून आत जातच नाही, हे फार जणांचे होते.

तळाच्या काचेवर फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना लावतात ती प्लॅस्टिकची चौकोनी जाळी अंथरून तिच्यावर बेटे बसवावीत. ३-४ सेंटिमीटर वाळू त्यानंतर. वाळूवर खडक ठेवला की गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी त्याच्या बुडाखालून बिळे काढतात, खडक घसरतो आणि समोरची काच तडकते. बेटाचे टोक पाण्याच्या पातळीपासून निदान १२ सेंटिमीटर खाली असावे, नाहीतर वर प्रवाळ लावायला जागा राहत नाही. मऊ प्रवाळांसाठी या टँकला ताशी ३ ते ५ हजार लिटर प्रवाह लागतो. वाळू टाकण्याआधी वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) लावून चिमूटभर भिजवलेले खाद्य सोडावे. ते जिथे जाऊन बसते तिथेच पुढे घाण साचणार, तेव्हा दगड किंवा पंपाचे तोंड तेव्हाच फिरवावे.

जुन्या टँकमधला वापरलेला खडक मिळाला तर तो कधीही उकळू नये. त्यावर झोअँथिड हे प्रवाळांच्या नात्यातले जीव चिकटलेले असू शकतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते आणि ते वाफेबरोबर घरभर पसरते. अशी विषबाधा होऊन माणसे रुग्णालयात गेली आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच असा खडक हाताळावा.

बेटे बसल्यावर आरओच्या पाण्यात मीठ मिसळून घनता १.०२५ आणि तापमान २५-२६ अंश ठेवावे, जिवाणूंची बाटली ओतावी, अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका घालावा आणि दिवे बंद ठेवावेत. चार-सहा आठवडे लागतात. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही (अमोनिया पचताना मध्ये बनणारे विषारी द्रव्य) शून्य दिसले, की निम्मे पाणी बदलून एक-दोन मासे सोडावेत. दिवे सुरू झाले की नव्या खडकावर तपकिरी थर चढतो. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. या काळात घाबरून बेटे उचकटून घासायला बसू नये. नळीने वरवर ओढून घ्यावे आणि गोगलगायी सोडाव्यात.

– सागरी मत्स्यालय पाळणारा एक वाचक, ठाणे